गार शॉकअप

आमच्या दुकानात येणारे ड्रायव्हर ट्रकच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधतात, काळी बाहुली लटकवतात. त्याला हसणारी बाई मी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, आणि लग्न मोडल्यावर परत अकोल्याला येऊन वडिलांचं ट्रकच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान सांभाळायला लागले. अंगात येणं, बाधा होणं, स्वप्नात येऊन सांगणं — या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानते असं म्हणणार नाही. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, भर दुपारी झालं, आणि मी एकटीच नव्हते... म्हणून लिहिते आहे.

दुकान वाशिम बायपासला आहे. पुढे दुकान, मागे पत्र्याचं वर्कशॉप, आणि त्याच्या मागे आमचं घर. वर्कशॉप मोठा भाऊ, म्हणजे दादा, बघतो. धाकटा मंगेश ट्रक चालवायचा. ट्रक घरचाच. त्याच्या जोडीला सलीम — लहानपणापासूनचा मित्र, जुन्या शहरात राहतो. दोघं आळीपाळीने गाडी चालवायचे. दर हिवाळ्यात परतवाड्याहून संत्री भरायची, अमरावतीवरून वर काढायची आणि दिल्ली, जम्मू, कधी थेट श्रीनगर गाठायचं. येताना सफरचंद मिळालं तर सफरचंद.

त्या डिसेंबरात श्रीनगरला संत्री उतरवली आणि परतीचा माल मिळेना. तिथल्या एकाने कांदा-बटाटा घाटापलीकडे द्रासला पोचवायचं काम दिलं. घाट अजून उघडा होता, गाड्या जात होत्या. मंगेशने मला फोन केला तो द्रासहून, गाडी रिकामी झाल्यावर. आवाज नेहमीसारखाच, मस्करीचा.

"ताई, तुह्ये शॉकअप अठी फेल हायेत पाह्य. तेल पार दह्यावानी झालं आतलं."

शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. चाकाजवळ स्प्रिंगच्या पाट्यांच्या बाजूला उभी नळी असते, आत तेल आणि त्यात वरखाली होणारा दांडा. खड्ड्यात चाक आदळलं की तो हिसका हे तेल पिऊन टाकतं. पण तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. दांडा हलत नाही, नळी नुसती लोखंडाची पहार होऊन बसते आणि प्रत्येक दगड थेट मणक्यात बसतो. रबराची सीलं कडक पडतात, चिरतात, तेल गळायला लागतं. मी त्याला म्हटलं, निघाल्या निघाल्या गाडी हळू ने, थोडं अंतर चाललं की हलून हलून तेल गरम होतं आणि चाक मऊ पडतं.

"ते समजते मले. पन बाकीचे तीन मऊ होतात, हे पुढचं डाव्या बाजूचं होतच नाई. आदळूनच राह्यलं," तो म्हणाला. "येतो मंग. आईले सांगजो, तिच्यासाठी शाल घेतली."

हे आमचं शेवटचं बोलणं.

पुढचं सलीमने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते द्रासहून परत घाटाकडे निघाले. डावं चाक फारच आदळायला लागलं म्हणून मंगेशने गाडी कडेला घेतली. सलीम इंजिन चालू ठेवून वर बसला, कारण एकदा बंद झालं की डिझेल गोठून परत सुरू होत नव्हतं. मंगेश खाली उतरला आणि डाव्या चाकाशी वाकून शॉकअप बघायला लागला. अंगातलं जाड जाकीट त्याने कॅबिनमध्येच काढून ठेवलं होतं, वाकता येत नाही म्हणून. पाकीट, मोबाइल, सगळं त्याच जाकिटात.

वरून बर्फ आलं. सलीम म्हणाला, आवाज फार मोठा नव्हता, पोतं ओतल्यासारखा होता. गाडी एका अंगावर कलली आणि तशीच अडकून राहिली. काच पुसून त्याने डावीकडे बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. रस्त्याची कडसुद्धा नव्हती.

लोकांनी शोधलं. मशिनं आली, कुत्रे आले. पण वरून आणखी बर्फ सुटायला लागलं तेव्हा काम थांबवलं. खाली दरीत एवढा थर साचला होता की उन्हाळ्याशिवाय काही होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सलीमने घाट उतरून सोनमर्गच्या बाजूला चौकीत तक्रार नोंदवली, गाडी कशीबशी काढली आणि एकटा चालवत अकोल्याला आणली.

तो आला तेव्हा आई ओट्यावर बसली होती. सलीम तिच्या पायाशी बसला. आईच बोलली.

"जेवला काय तू?"

त्याने मान हलवली.

"मंग पयले जेव."

त्यानंतरचे महिने कसे गेले ते लिहिणं कठीण आहे. देह नाही, म्हणून काही करता येईना. नातेवाईक म्हणायचे, दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो, करून टाका, पोराला गती मिळू द्या. आई म्हणायची, "पाह्यल्याबिगर मी त्याले जाळत नाई." मंगेशची बायको वैशाली तर पार सुकून गेली. गल्लीतल्या बायका कुंकवाकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. संक्रांतीला एकीने तिला वाण दिलं, दुसरी तिला ओलांडून पुढे गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि अगदी सावकाश म्हणाली, "ताई, मी कोन हाओ ते सांगा मले एकदा. मंग मी तसी राहीन."

ट्रक वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभा होता. त्याला हात लावायची कोणाची इच्छा नव्हती. शेवटी मार्च सरता सरता दादाने तो बाहेर काढला. घर चालवायचं तर गाडी चालायला पाहिजे. सलीमने चालवायला साफ नकार दिला. म्हणाला, "दादा, येताना जम्मू उतरलो, पंजाब आला, ऊन लागलं. तरी ते चाक मऊ झालं नाई. मी कोनाले बोललो नाई, लोक मले येडा म्हनतीन."

दादाने त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. शॉकअप बसला असेल, बदलू, एवढंच म्हणाला. तो गाडी घेऊन बायपासला एक चक्कर मारून आला आणि उतरला तो कंबर धरूनच. मी दुकानातून बघत होते. त्याने पुढे जाऊन डाव्या चाकामागे हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"इकडे ये," तो मला म्हणाला.

एप्रिल नुकता लागला होता. ज्यांनी अकोल्याचा उन्हाळा काढला आहे त्यांना सांगायला नको. दुपारी पाना उघड्यावर ठेवला तर फडक्याशिवाय उचलता येत नाही. चाकाची रिम तापली होती, पाटे तापले होते, मडगार्डला हात लावायची सोय नव्हती. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो शॉकअप... मी हात ठेवला. आईस्क्रीमच्या पेटीत आतल्या बाजूला बोटं टेकावीत तसा गार. नुसता गार नव्हे, बोटं चिकटली. सोडवताना कातडी ओढली गेली.

पहिला विचार माझा केमिस्ट्रीचाच. गॅस गळत असेल. दाबाखालचा गॅस सुटला की आजूबाजूचं गार होतं, सिलेंडरच्या नळीला दव येतं तसं. पण त्या मॉडेलच्या शॉकअपमध्ये गॅस नसतोच, नुसतं तेल असतं. आणि गॅस असता तरी मिनिटभरात संपला असता. हा दुसऱ्या दिवशीही तसाच होता. तिसऱ्या दिवशीही.

दादाने तो काढला. काढून फरशीवर ठेवला आणि आम्ही दोघं बघत बसलो. चहा होईपर्यंत तो इतर लोखंडासारखा तापला होता. गाडीवरून उतरवला की काही नाही. मी दुकानातून नवा आणला, कंपनीच्या खोक्यातून माझ्या हाताने बाहेर काढला. दादाने तो बसवला. दोन दिवस ठीक होता. तिसऱ्या दिवशी दादाने मला मान हलवूनच बोलावलं.

नवा शॉकअपही गार पडला होता.

बाकी तीन चाकांचे शॉकअप गरम. जागाही बदलून पाहिल्या. उजवीकडचा काढून डावीकडे लावला तर तो गार, आणि डावीकडचा उजवीकडे लावला तर गरम. म्हणजे वस्तूत काही नव्हतं. पुढच्या डाव्या चाकामागची ती वीतभर जागाच गार होती. गाडी चालवली की ते एक चाक तसंच आदळायचं, मंगेशने फोनवर सांगितलं होतं अगदी तसं, कितीही अंतर गेलं तरी मऊ न होता. दादाने ट्रक एकदा पार अकोटपर्यंत नेऊन आणला. परत आल्यावर बोटाने दांड्याजवळचं तेल पुसून मला दाखवलं. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात ते मेणासारखं घट्ट होतं.

आम्ही घरात सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईपासून काय लपतं. एक दिवस दुपारी ती पाण्याचा तांब्या घेऊन वर्कशॉपमध्ये आली. दादा म्हणाला, "आई, ऊन हाये, आत जाय." ती ऐकलं न ऐकल्यासारखं करून चाकाशी गेली, खाली बसली आणि तांब्यातलं पाणी ओंजळीने त्या शॉकअपवर शिंपडलं. रिमवर पडलेले थेंब बघता बघता सुकले. शॉकअपवरचे थेंब होते तिथेच पांढरे झाले. मी जवळच उभी होते. बोटाने खरवडले. बर्फ होतं.

वैशाली दारात उभी राहून हे बघत होती. ती रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली फक्त.

आई म्हणाली, "तो थंडीत हाये अजून." एवढंच. आणि त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की ती तिथे जाऊन बसायची. पदराने नळी धरायची. चिकटू नये म्हणून पदर दुमडून दुमडून धरायची. दादाला ते बघवत नव्हतं. तो गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर रस्त्यावरच बघायला लागला. एक-दोन ओळखीच्या ड्रायव्हरांनीही हात लावून पाहिला. एक तर दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे यायचाच बंद झाला.

मी मेकॅनिकल शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना बोलावलं. भले गृहस्थ, अमरावतीहून मुद्दाम आले. थर्मामीटर लावलं, आकडा बघितला, पुसून परत लावलं. मग म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे याला शब्द नाही. तुम्ही ही गाडी विकून टाका." सरळ बोलले याचं मला बरं वाटलं.

मे अर्धा झाला असेल. मी दुकानात होते. मागून आईने हाक मारली. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात. मी गेले. ती चाकाशी बसली होती आणि तिचा पदर ओला होता.

"हात लाव," ती म्हणाली.

मी लावला. शॉकअप कोमट होता. खालच्या टोकाजवळून पाणी ठिबकत होतं, आणि बघता बघता नळी तापत गेली. थोड्या वेळाने तर हात ठेववेना. बाकीच्या लोखंडासारखीच.

"निघाला तो बाहेर," आई म्हणाली. "जा, घेऊन या त्याले."

दादाने लगेच सोनमर्गच्या बाजूच्या चौकीत फोन लावला. तिकडचा माणूस नीट बोलला, पण काही सापडलं नाही म्हणाला, सापडलं की कळवू. दुसऱ्या दिवशीही तेच. मी आईला समजावलं. पोलीस कळवतील, एवढ्या लांब कुठे शोधत फिरणार, जागा तरी माहीत आहे का आपल्याला. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुले हात लावूनई समजलं नाई काय, पोरी?"

दादा आणि मी निघालो. सलीमही आला. आम्ही विचारलं नव्हतं, तो स्टेशनवर पिशवी घेऊन उभा होता.

सोनमर्गला पुन्हा तेच उत्तर. दादा परत फिरायच्या बेतात होता. सलीम म्हणाला, "गाडी जिथं थांबली होती तठून पानी इकडे येत नाई, तिकडे जाते. घाटाच्या त्या बाजूले." मी नकाशात बघितलं. खरंच होतं. तक्रार एका बाजूला होती, आणि बर्फ वितळून पाण्याने देह वाहून नेला तर तो दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता. कोणाची चूक नव्हती. इकडच्यांना तिकडचं माहीत नव्हतं, एवढंच.

आम्ही घाट ओलांडला. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, मधून चिखलाचा रस्ता. सलीम एका वळणावर खाली मान घालून बसला, तेव्हा ती जागा कोणती हे विचारावं लागलं नाही.

द्रासला दवाखान्यात चौकशी केली. तिथल्या माणसाने उलट विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? ओढ्याच्या काठी रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांना एक देह मिळाला होता. ओळख पटेल असं अंगावर काहीच नव्हतं. बेवारस म्हणून नोंद झाली होती, मुदत संपली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विल्हेवाट लावायची होती. कधी मिळाला, असं दादाने विचारलं. त्याने सांगितला तो दिवस आम्ही मनात मोजून पाहिला. आईचा पदर ओला झाला तो, किंवा त्याच्या मागचा-पुढचा. त्या काळात आमच्यातलं कोणीच तारखा नीट धरून नव्हतं, म्हणून मी छातीठोक सांगणार नाही.

तो मंगेशच होता. चेहरा ओळखू येत होता. थंडीत राहिल्याने फारसा बिघडला नव्हता, आणि हेच जास्त वाईट होतं. डावा हात कोपरात वाकलेला, बोटं काहीतरी धरल्यासारखी मिटलेली. दादाने ती सोडवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि त्या मुठीवर नुसता हात ठेवून उभा राहिला.

त्याला घरी आणणं शक्य नव्हतं. तिथेच ओढ्याकाठी अग्नी दिला. लाकूड तिकडे मोठ्या मुश्किलीने मिळतं. रस्त्यावरच्या मजुरांनी आपल्या शेकोटीसाठी जमवलेलं आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. दादाने अग्नी दिला. सलीम बाजूला उभा राहून त्याच्या पद्धतीने काहीतरी पुटपुटत होता. वारा इतका गार होता की चितेच्या एवढं जवळ उभं राहूनही माझी पाठ गारठली होती.

अस्थी घेऊन आलो. वैशालीने कलश दोन्ही हातांनी घेतला आणि मांडीवर ठेवून बसली. मग तिनेच, कोणी न सांगता, मंगळसूत्र काढलं. आता ती दुकानात माझ्यासोबत बसते. सगळ्या पार्ट्सचे नंबर तिला पाठ आहेत.

दादाने तो शॉकअप काढून लोखंड कापायच्या करवतीने उभा चिरला. आई, मी, वैशाली, सलीम, सगळे बघत होतो. आत तेल होतं, वॉशर होता, स्प्रिंग होती. तेल पातळ, स्वच्छ, नेहमीचं. दादाने सगळं फरशीवर मांडलं आणि बराच वेळ उलटंसुलटं करत राहिला. त्यात काहीच नव्हतं. गाडी आता व्यवस्थित चालते. सलीमच चालवतो, पण नागपूरच्या वर जात नाही. डावं चाक इतर चाकांसारखंच आहे. मी अजूनही अधूनमधून तिथे हात लावून बघते, आणि ते तापलेलं असतं.

मला याचं कारण माहीत नाही. सरांना माहीत नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्यातले काही म्हणतात दुःखात माणसाला भास होतो. झाला असेल, पण इतक्या जणांच्या बोटांना एकच भास कसा झाला, ते त्यांना सांगता येत नाही. काही म्हणतात, बरं झालं, त्याने स्वतःच तुम्हाला बोलावलं, आता त्याला शांती मिळाली. मीही आईला तेच सांगायला गेले होते, दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. ती गहू निवडत होती.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तोवर त्याले थंडी वाजून राह्यली होती काय गं?" तिने विचारलं. "एवढे महिने?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिने सूप परत उचललं.